बारानंतरचे रकाने

बारा वाजताच्या रकान्यात आबांचं अक्षर होतं, आणि आबा पावणेबाराला गेले होते. त्यांच्या मुलीनं, संघप्रियानं, कागदाला हात लावला नाही. तो तिच्यासमोर टेबलाच्या काचेवर पसरलेला होता, आडवा, ठशाच्या शाईनं छापलेला, डाव्या कोपऱ्यात बोटाचा तेलकट डाग असलेला. एकोणतीस ऑक्टोबर, पहिली पाळी, सहा ते दोन. दर तासाला एक उभा रकाना, रकान्यात वरपासून खालपर्यंत चौदा आकडे. दहा तळघरातले, चार गच्चीवरचे. सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा. मग बारा, एक, दोन. शेवटच्या तिन्ही रकान्यांखाली सहीची जागा मोकळी होती, पण आकडे होते, तिरके, एकमेकांना न चिकटणारे, सातच्या पोटात आडवी रेघ असलेले. ही रेघ आबांना मशीन बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरनं शिकवली होती. एक आणि सात यांत घोटाळा नको म्हणून. पुढं ते दूधवाल्याच्या कार्डावरही तसाच सात काढत. समोर बसलेल्या, हॉस्पिटलचं प्रशासन बघणाऱ्या निशिगंधा मॅडम काहीतरी बोलत होत्या, आवाज हळू ठेवून, हॉस्पिटलमध्ये माणसाला सवय होते तसा. संघप्रियाला त्यांचे ओठ दिसत होते. तिला वाटलं, हा माणूस मेल्यावर तीन तास जिवंत होता आणि मला कुणी सांगितलं नाही.

तसं सांगण्यासारखं सगळं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. तळघरातला चिलर थंड पाणी करून ऑपरेशन थिएटरांना पुरवतो. त्या उद्योगात त्याची जी उष्णता साठते ती दुसरं पाणी गच्चीवरच्या टॉवरपर्यंत वाहून नेतं, तिथल्या मोठ्या पंख्याखाली निवतं आणि परत खाली येतं. त्या दिवशी पंख्याचा पट्टा तुटला. कधी तुटला ते कुणी पाहिलं नाही. पाणी तापत गेलं, एक वाजून दहा मिनिटांनी चिलर बंद पडला, दोन नंबरच्या थिएटरमध्ये पोट उघडलेला पेशंट होता आणि हवा एकोणतीस अंशांवर गेली. सर्जननं घामानं निथळत टाके घातले. पेशंट सुखरूप घरी गेला. पण चौकशी लागली, आणि चौकशीत हा कागद निघाला, ज्यावर दोन वाजता चिलर मजेत चालू होता. आबांना बाराला पाच कमी असताना लाँड्रीतल्या बयाबाईंनी पाहिलं होतं; गरम पाणी येत नाही म्हणून भांडायला त्या खाली उतरल्या होत्या. ते खुर्चीत बसलेले होते, मान भिंतीला टेकलेली. साडेबाराला घरून बोलावून घेतलेला त्यांचा दुसऱ्या पाळीतला जोडीदार आकाराम आला आणि पाळी त्यानं घेतली. म्हणजे उरलेले तीन रकाने भरले कुणी? मेलेला माणूस भरणार नाही. आणि आकारामनं लेखी दिलं होतं की पाळी संपताना मी भरले, न बघता भरले.

आकाराम दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. टोपी मांडीवर. बावीस वर्षं त्याला ती ओळखत होती, पण खुर्चीत बसलेला तिनं क्वचितच पाहिला होता.

"तुम्ही फक्त एवढंच करायचंय," मॅडम म्हणाल्या, "अक्षर वडिलांचं आहे की नाही ते सांगायचं. काकांचा जबाब आहेच. पण अक्षराबद्दल कमिटीत एकाला शंका आली. घरच्या माणसाला विचारा म्हणाले."

"इचारायचं काय त्यात," आकाराम म्हणाला. "मी लिवलं म्हणतोय न्हवं. चोर सोत्ता हुबा हाय आनि तुमी वास घेत फिरताय."

"काका, तुम्हाला कामावरून कमी करावं लागेल. कळतंय ना?"

"मार्चला तसंबी घरीच बसायचं हाय. चार म्हयनं आधी बसतो. म्हशी वळकतील तरी मला."

मॅडमना हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं. मग त्या संघप्रियाकडे वळल्या. "खात्री नसेल तर तसंही लिहू शकता. 'निश्चित सांगता येत नाही.' तेवढ्यानं काम होईल. तुम्हाला त्रास द्यायचा नाहीये आम्हाला."

निश्चित सांगता येत नाही. वाक्य किती मऊ होतं. त्यात कुणी खोटं बोलत नव्हतं. संघप्रिया कळंब्याच्या आयटीआयत वातानुकूलनाचा ट्रेड शिकवायची, वर्षाला चाळीस पोरं, आणि पहिल्या दिवशी पहिला तास ती फळ्यावर काहीही न काढता घ्यायची. गेजवर काटा हलत असेल तर लिहायचं 'काटा हलतोय'. गेज फुटला असेल तर लिहायचं 'गेज फुटलाय'. रकाना मोकळा ठेवायची लाज वाटायची नाही, पण न बघता आकडा लिहायचा नाही. हे तिचं नव्हतंच. नववीत असताना आबा तिला एका रविवारी या तळघरात घेऊन आले होते, कारण आई वाडीवस्तीवरच्या लग्नाला गेली होती आणि पोरीला घरी एकटं ठेवायचं नव्हतं. त्यांनी तिच्या हातात पॅड दिलं आणि म्हणाले, बघ आणि लिही. तिनं बासष्ट लिहिलं. त्यांनी काचेवर टिचकी मारली, काटा थरथरला आणि एकसष्टवर बसला. आता? तिनं खोडून एकसष्ट लिहिलं. खोडायचं न्हाई, म्हणाले, काट मार आणि शेजारी लिही, आधी काय दिसलं तेबी ऱ्हाऊ दे. त्या दिवसापासून तिला माणसांपेक्षा काट्यांवर जास्त भरवसा वाटायला लागला, आणि काटे वाचणाऱ्या एका माणसावर काट्यांहून जास्त. आता तो माणूस कागदावर होता आणि दोन वाजता चिलर चालू असल्याचं सांगत होता.

आकारामनं हे लिहिलेलं नाही, हे तिला रेघेवरून कळलं तसं त्याहून साध्या गोष्टीवरूनही कळलं होतं. मागाहून भरणारा माणूस बंद पडलेलं मशीन चालू दाखवत नाही. त्याला ते बंद पडलेलं माहीत असतं. दोनच्या रकान्यात चालू मशीन फक्त तोच लिहील ज्यानं ते एकच्या आधी लिहिलं. मॅडमच्या हे लक्षात आलेलं नव्हतं. त्यांना मशीन माहीत नव्हतं, कागद माहीत होते. आकारामला माहीत होतं. तो टोपीच्या शिवणीवर अंगठा फिरवत बसला होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

"मला जुनी शीटं बघायचीत," ती म्हणाली. "जूनपासूनची. खाली असतील."

"खाली कशाला जातीस," आकाराम एकदम म्हणाला. "धूळ हाय नुसती."

तळघरात ती आबा गेल्यावर आली नव्हती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी हॉस्पिटलमधली सात-आठ माणसं घरी आली होती, पांढऱ्या शर्टात, चपला दाराशी नीट लावून. आकाराम शेवटी उभा होता आणि बुद्धवंदनेच्या गाथा संपेपर्यंत त्यानं हात जोडलेलेच ठेवले होते. इथं मात्र आबांचा वास तसाच होता. तेल, ओलं इन्सुलेशन, पाइपांवर धरलेला घाम, आणि त्या सगळ्याखाली मशीनचा एकच लांब सूर, जो पहिल्या मिनिटात डोकं दुखवतो आणि पाचव्या मिनिटाला ऐकू येईनासा होतो. भिंतीवर आबांचा लॅमिनेट केलेला फोटो चिकटवला होता. खाली छापलं होतं, 'आदर्श ऑपरेटर अण्णासो'. फोटोत त्यांना कुणीतरी टाय लावला होता, संगणकावर. तिला तो टाय असह्य झाला. खुर्ची तीच होती. तिनं बसायचं टाळलं आणि शीटांचा गठ्ठा कंट्रोल पॅनेलच्या झाकणावर ठेवून उभ्यानंच उलटायला लागली. आकाराम तिच्या पाठीमागं, तीन हातांवर, उगाच एका व्हॉल्व्हचं चाक फडक्यानं पुसत होता. तिला तो पुसण्याचा आवाज मशीनच्या आवाजातूनही ऐकू येत होता.

ती आधी काय शोधतेय हे तिलाही ठाऊक नव्हतं. कदाचित निर्दोष काहीतरी. एखादा दिवस, ज्या दिवशी कामाच्या घाईत एखादा रकाना पुढं भरलेला असेल आणि तेवढ्यानं सगळं लहान होईल. जूनचे आकडे प्रामाणिक होते. प्रामाणिक आकडे ओळखू येतात, ते वेडेवाकडे असतात. गच्चीवरच्या टॉवरमधून निघणारं पाणी आणि तेच पाणी खाली चिलरमध्ये शिरताना, यांत थोडा फरक पडतो, पाइप उन्हातून येतो म्हणून. जूनमध्ये तो फरक कधी तीन दशांश होता, कधी सात, पावसाच्या दिवशी एक, एकदा तर उलटा, आणि त्या उलट्याशेजारी आबांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दोनदा बघितले'. जुलै तसाच. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातले कागद तसेच. मग अठरा ऑगस्टपासून फरक पाच दशांश झाला. सकाळी पाच, दुपारी पाच, एकोणीसला पाच, विसाला पाच. तिनं गठ्ठा भराभर उलटला. सप्टेंबर, पाच. दसऱ्याच्या दिवशी पाच. बारा ऑक्टोबरला दुपारी गारांसकट परतीचा पाऊस झोडपून गेला होता, तिच्या वर्गाची काच फुटली होती. त्या दिवशी आबांच्या कागदावर गच्चीवर काहीच घडलेलं नव्हतं. पाच दशांश. त्यांनी खालचा काटा बघितला होता, खरा, काचेवर टिचकी मारून, आणि त्यातून अर्धा अंश वजा करून वरचा आकडा लिहिला होता. दहा आठवडे. ते गच्चीवर गेलेच नव्हते.

तिच्या मनात आधी राग आला, स्वच्छ, गरम, आणि तिला बरं वाटलं. मग पॅनेलच्या झाकणावर पसरलेल्या कागदांकडे बघता बघता तिला जिना आठवला. तळघरापासून गच्चीपर्यंत मागच्या जिन्याच्या एकशे बत्तीस पायऱ्या. तेलकट कपड्यांच्या माणसानं पेशंटची लिफ्ट वापरायची नाही, हा नियम. पाळीत आठ-नऊ वेळा वर. आणि वीस ऑगस्टला, तारीख तिला पक्की आठवत होती कारण त्या दिवशी तिला पेपर तपासून द्यायचे होते, आबा संध्याकाळी तिच्या बिल्डिंगखाली आले होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांनी खालून फोन केला. कणसं आणलीत, दोरी सोड. वर या की, चहा टाकते. न्हाई, गाडी रस्त्यात लावलीया. मग बाजूला लावा. आता कुटं, तू दोरी सोड. तिनं गॅलरीतून पिशवी बांधलेली दोरी सोडली होती आणि म्हणाली होती, तुमचं हे नेहमीचंच, कधी घडीभर बसायचं नाही. ते वर बघून हसले होते. गाडी कडेला लावलेली होती, कुणाच्या रस्त्यात नव्हती. ते तिनं पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि त्याचं काही केलं नव्हतं. त्यानंतर दोरी सोडायची सवयच झाली. भुईमुगाच्या शेंगा, तिच्या पोराची वह्यांची कव्हरं, एकदा गरम आंबोळ्या. दहा आठवड्यांत ते एकदाही वर आले नव्हते, आणि ती, जिला पोरं फरकाचे दशांश विचारायला येत, ती म्हणत राहिली की आबा अलीकडे फार घाईत असतात.

"तुम्हाला माहीत होतं," ती न वळता म्हणाली.

फडकं थांबलं. "काय?"

"त्यांना जिना चढवत नव्हता."

मशीननं सूर बदलला, कुठला तरी पंप सुरू झाला, आणि त्या आवाजाचा आडोसा मिळाल्यासारखा आकाराम बोलायला लागला. "पयलं दुसऱ्या मजल्यावर बसायचा. मग पयल्याच. म्हटलं, अरं वर आक्का दवाखाना भरलाय डाक्टरांनी, दाखीव एकाला. म्हणला, दाखवलं की घरी बसवत्यात, मग करू काय, भिताडं मोजू? मी दोनला यायचं ते दीडला याय लागलो. आल्या आल्या वर जाऊन बघून यायचो, त्याच्या वाटणीचं. सकाळचं मातर ऱ्हायचं. मी वाडीस्नं पेढं आणलं की म्हणायचा, तुझ्या दत्ताला म्हणावं, गच्चीवर ध्यान ठेव, मी काय त्याच्या पाया पडणार न्हाई पर पेढा खातो. खायचाबी दोन-दोन."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझा नंबर हाय माझ्याकडं," तो म्हणाला. "दोन बार लावला. वाजायच्या आधी कट केला."

ती वळली. त्याचे डोळे कोरडे होते आणि चेहरा एखाद्या पकडलेल्या पोरासारखा रागावलेला.

"त्या दिवशी मी आलो तवा कागद तितंच हुता. दोनपतोर भरल्याला. म्हंजे त्यानं काय केलं बघ, अकराला बरं वाटंना झालं आसंल, म्हणून पाळी आक्की भरून टाकली नि टेकला. तीन तास टेकायला मिळतील म्हणून. मी फाडणार हुतो त्यो कागद. पर तेवढ्यात माणसं आली नि मशीन बंद पडलं." त्यानं फडकं घडी केलं. "आता तू वर जायचं आनि म्हणायचं, सांगता येत न्हाई. तुझी आई हाय अजून. तिला काय सांगणार हाईस? बावीस वर्सं गेज फुसणारा माणूस, आनि शेवटाला खोटारडा निगाला म्हणून? माझं काय, मी गावाकडं जातो. माझा फोटू न्हाई भिताडावर."

हे खरं होतं की मेलेल्याला कुणी कामावरून काढू शकत नाही. त्याच्या नावाचंच काय ते होणार. तिनं मनात दोन्ही बाजूंना वजनं घालून पाहिली आणि पारडी हलेनात. आईचा चेहरा. टाय लावलेला फोटो. आकारामच्या मांडीवरची टोपी. 'निश्चित सांगता येत नाही' हे लिहायला किती वेळ लागेल, अर्धं मिनिट. मग ती घरी जाईल आणि आबा राहतील तसेच, फोटोतले, चुकीच्या टायमधले, ज्यांना एकाएकी काहीतरी झालं. लोक तसंच म्हणत होते. एकाएकी. चांगला चालता-बोलता माणूस. तीही तसंच म्हणत होती, आणि एकेचाळीस दिवस त्या शब्दाला धरून झोपत होती. आणि इथं झाकणावर, रोजच्या तारखेनिशी, त्यांच्याच हातानं लिहिलेलं होतं की एकाएकी काहीच झालेलं नाही. कुणा डॉक्टरकडे नव्हता असा त्यांच्या छातीचा हिशेब या शीटांत होता. पाच, पाच, पाच. ते खोटं पुसायचं तर हेही पुसावं लागणार होतं. आबांनी दहा आठवडे घरी कुणालाच न सांगितलेली एकमेव गोष्ट.

तिनं अठरा ऑगस्टचं शीट काढून घेतलं.

"ए पोरी," आकाराम म्हणाला. "संघे. ऐक माझं."

वर मॅडमनी तिला कोरा कागद आणि पेन दिलं. ती लिहीत असताना त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. त्यांना दोन ओळींची अपेक्षा होती. संघप्रियानं सावकाश, पोरांच्या जर्नलवर शेरा लिहावा तशा अक्षरात लिहिलं. बारा, एक आणि दोनच्या रकान्यातील अक्षर माझे वडील अण्णासो यांचे आहे. ते आकडे त्यांनी अकराच्या सुमारास, न बघता, पुढील वेळेचे म्हणून लिहिले आहेत. मशीन बंद पडल्याचे माहीत असलेला माणूस ते चालू असल्याचे लिहिणार नाही. अठरा ऑगस्टपासून गच्चीवरील पाण्याचे आकडेही त्यांनी प्रत्यक्ष बघितलेले नाहीत, खालच्या आकड्यांवरून काढले आहेत. पट्टा तुटल्याचे त्यामुळे कळले नाही. आकाराम यांनी यांतील काहीही लिहिलेले नाही. इथं ती थांबली. पेनाचं टोक कागदावर टेकून शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. मग तिनं लिहिलं, त्यांना जिना चढवत नव्हता. हे मला माहीत असायला हवे होते. शेवटचं वाक्य तिनं पुन्हा वाचलं, त्यावर काट मारली, आणि काट मारलेलं तसंच वाचता येईल असं ठेवून खाली सही केली.

मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. "एवढं लिहायची गरज नव्हती," त्या म्हणाल्या, आणि आवाजात पहिल्यांदाच हॉस्पिटल नव्हतं. "कमिटीपुढं हे सगळं वाचलं जाईल."

"जाऊ दे."

"काकांनी खोटा जबाब दिला, त्याचं मला काहीतरी करावं लागेल."

"समज द्या," संघप्रिया म्हणाली. "मोठ्यानं द्या. त्यांना हळू दिलेलं ऐकू येत नाही, मशीनपाशी राहून."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग कागद फायलीत ठेवला आणि फायलीवर तळहात तसाच राहू दिला.

आकाराम बाहेर जिन्यापाशी उभा होता, हातात पॅड. तीन वाजत आले होते. त्यानं विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं, कारण त्यानं तोंड फिरवलं आणि तो जिना चढायला लागला. तिला वाटलं, हा आता माझ्याशी बोलणार नाही, कदाचित कधीच नाही, आणि ते बरोबरच आहे. ती त्याच्या मागून चढायला लागली. दोघांत सात-आठ पायऱ्यांचं अंतर. दुसरा मजला, तिसरा. जिन्यात चुन्याचा आणि फिनेलचा वास होता. चौथ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला, कठडा धरून, आणि तीही थांबली. त्याची पाठ हलत होती. ती दोन पायऱ्या चढली.

"काका, छातीत काय होतंय का?"

"छातीला काय झालंय," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "गुडगं हायत." मग कठड्यावरचा हात काढून, "त्यो असता तर तुला शाबास म्हणला असता. मी न्हाई म्हणणार."

"नका म्हणू."

त्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. पॅडवरून पेन काढलं, कागद सरळ केला आणि तिथंच पायरीवर बसला. "जा वर. तूच बघ. मला आज बघवंना."

लोखंडी दार तिनं खांद्यानं ढकललं. गच्चीवर डिसेंबरचं कोरडं ऊन होतं, दूर शिरोलीच्या बाजूला धुराच्या दोन रेषा, आणि मध्ये टॉवर, घरंगळत्या पाण्याचा आवाज करत. पंख्याचा नवा पट्टा काळाभोर दिसत होता. ती गुडघ्यांवर बसली, पाइपातल्या थर्मामीटरची काच अंगठ्यानं पुसली, डोळा समोर आणला आणि पारा थांबेपर्यंत थांबली.

"चोवीस पॉइंट दोन," ती दाराकडे तोंड करून ओरडली.

खालून आवाज आला. "ऐकू आलं न्हाई. परत बघून सांग."

ती परत वाकली. पारा किंचित खाली गेला होता.